बाईंचा ईमेल टाका

तुम्हा नातवंडांतल्या थोरलीने मला मराठीत चार पानांचं पत्र लिहिलं. स्वतःच्या हाताने, कोऱ्या कागदावर रेघा आखून. त्याचे फोटो काढून तिने मला ईमेलने पाठवले आणि ते तिच्याकडेच परत गेले. सोबत इंग्रजीत एक ओळ होती, या पत्त्यावर आता जागा शिल्लक नाही अशा अर्थाची. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रागावलेली नव्हती. एखादं मूल वही दाखवायला टेबलापर्यंत येतं, बाई दुसऱ्याच कुणाशी बोलत असतात, आणि ते तसंच मागे जाऊन बाकावर बसतं. तसा तिचा आवाज होता.

ती म्हणाली, व्हॉट्सॲपवर टाकते. मी नको म्हटलं. व्हॉट्सॲपवर माझ्याकडे रोज सकाळी फुलांचे आणि सुविचारांचे इतके फोटो येतात की तिचं पत्र त्यांच्याखाली आठ दिवसांत गाडलं गेलं असतं. तुमच्या बाबाने जास्तीची जागा विकत घेऊन द्यायची तयारी दाखवली. त्याला मी सांगितलं, कपाट भरलं म्हणून कुणी लगेच दुसरं आणत नाही, आधी पहिल्यात काय आहे ते बघतं. थोरलीकडे मी पंधरा दिवस मागून घेतले. धाकट्याने मध्येच विचारलं, ‘आजी, तुला एवढं कोण लिहितं?’

त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

मला कुणीच लिहीत नाही. ईमेलच्या त्या पेटीवर नाव माझं होतं, पण आतलं सामान सगळं दुसऱ्यांचं होतं.

मी कवठे येमाईच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते तेव्हाची ही सुरुवात. दहावीनंतरचे प्रवेशअर्ज नुकतेच कॉम्प्युटरवर भरायला लागले होते आणि त्यात ईमेलचा एक रकाना होता. गावात ईमेल कुणाकडे नव्हता. माझ्याकडे होता, कारण तुमचा बाबा शिकायला तिकडे परदेशात गेला तेव्हा त्याने मला काढून दिला होता. एका मुलीचे वडील अर्जाचा कागद घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आले. डोक्याला पटका, पायात नुकत्याच शेतातून आलेल्या चपला. त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘बाई, हितं काय लिवायचं?’ मी माझा ईमेल लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सातजण आले.

पुढे एसटी थांब्याजवळच्या झेरॉक्सवाल्याला माझा पत्ता पाठच झाला. अर्ज भरताना तो रकाना आला की तो विचारायचासुद्धा नाही. समोरचा माणूसच सांगायचा, बाईंचा ईमेल टाका. आमच्या विहाराजवळच्या घरांतले लोक, धनगरवस्तीवरचे, पेठेतले दुकानदार, सगळ्यांनी माझाच टाकला. पोलीसभरतीची प्रवेशपत्रं, पीकविम्याच्या पोचपावत्या, नोकरीचे अर्ज, कुणाकुणाच्या मुलींच्या लग्नाच्या माहितीपत्रिका. माझ्याकडे प्रिंटर आहे हे कळल्यावर लोक दाखले, सातबारे, रेशनकार्डं यांचे फोटो काढून मलाच पाठवायला लागले. सकाळी प्रार्थनेच्या आधी मी पेटी उघडायची, कुणाचं काय आलंय ते वहीत लिहायची, आणि मधल्या सुट्टीत ज्याच्या त्याच्या पोराबरोबर निरोप धाडायची. हे मला आवडायचं. कुणी आभार मानावेत म्हणून नाही. सगळ्या गावाचं टपाल माझ्या हातून नीट जातंय, ही भावना मला पुरायची.

मग मी निवृत्त झाले. तुमचे आजोबा गेले. मी शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. टपाल माझ्यामागे तिथेही आलं. आता निरोप धाडायला पोरं नव्हती, पण फोन होते. कुठल्याशा खात्यात शिरायचं तर ईमेलवर सहा आकडे येतात आणि ते दहा मिनिटांत टाकावे लागतात. मग फोन यायचा, बाई, नंबर आला का? नंबर सांगायला अर्धं मिनिट लागतं. फोन मात्र पाऊण तास चालल्याचंही मला आठवतं. कांदा कुठे नेला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं. गेल्या दोनचार वर्षांत हे फोन कमी झाले होते. तरी मला वाटायचं, अजून पंधरावीस जणांचं माझ्यावाचून अडत असेल.

म्हणून थोरलीच्या पत्राला जागा करायची ठरवली तेव्हाच मला एक गोष्ट नीट कळली होती. जागा करायची म्हणजे या लोकांना आपापला पत्ता घ्यायला सांगायचं. आणि त्यांनी तो घेतला की माझा फोन वाजायला काही कारण उरणार नव्हतं. तुम्हाला हे लहानसं वाटेल. इथे दुपारी स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्यांची नावं ऐकू येतात, आणि कधीकधी दिवसभरात माझ्या घरात दुसरा कुठलाच आवाज होत नाही.

सगळं एका बोटाने पुसून टाकता आलं असतं, हे मला माहीत आहे. पण माझे वडील दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. खुटबावहून ते दौंडला आले आणि रेल्वेच्या कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला घातलं, कारण तिथे साहेबांची मुलं जात. घरी आल्यावर ते माझं इंग्रजी ऐकत बसत, त्यातलं काही कळत नसतानाही. त्यांच्या ऑफिसात न सोडवलेली पार्सलं एका कोपऱ्यात ठेवलेली असायची. मालकाला एक कार्ड टाकायचं, आठ दिवस थांबायचं, दुसरं टाकायचं, पुन्हा थांबायचं. तिसऱ्या कार्डानंतरच पार्सलाला हात लावायचा. एकदा मोसंब्यांची करंडी आली होती. तिचा वास फलाटाच्या टोकापर्यंत गेला, सगळे नाकाला रुमाल लावून फिरत होते, तरी ते तिसऱ्या कार्डासाठी थांबले. त्यांचं म्हणणं, माल कुजला तर कुजू दे, पण मालकाला न सांगता उचलला तर ती चोरी. मोसंब्यांच्या मालकाने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही.

तर मी यादी केली. जुन्या वह्या काढल्या, पेटीतल्या टपालाशी नावं जुळवली आणि एकेकाला फोन लावायला बसले. सकाळी नऊ ते अकरा, शाळेच्या दोन तासांसारखे. ज्यांचे नंबर लागले नाहीत त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून निरोप दिले. पंधरा दिवसांत तीन कार्डं होणं शक्य नव्हतं, म्हणून मी तीन दिवसांच्या अंतराने तीन फोन असं ठरवलं.

पहिल्याच दिवशी पाचजणांनी सांगितलं की त्यांचा ईमेल कधीच बदलला. ‘ते व्हय? ते तर कवाच बदाललं, बाई,’ एकजण म्हणाला, आणि त्याला हसू आलं, कारण मी त्याची बारा वर्षांपूर्वीची हॉलतिकिटं जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. एका विद्यार्थ्याने लग्नाआधी कुठल्याशा वधूवरांच्या साइटवर नाव घातलं होतं. आता त्याला दोन मुलं आहेत, पण पेटी भरेपर्यंत माझ्याकडे दर सोमवारी त्याच्यासाठी नवी स्थळं येत होती. मी फोन केला तो त्याच्या बायकोने उचलला. मी अडखळत काय ते सांगितलं. ती म्हणाली, ‘पुसू नका बाई, हिकडं धाडून द्या. बघते तरी, माझ्यापेक्षा बरी कोन हाय का.’ मागून त्याचा काहीतरी आवाज आला आणि तिने त्याला गप बसवलं.

धनगरवस्तीवरच्या एका आप्पांचे मेंढ्यांचे फोटो होते. कुठल्यातरी योजनेच्या अर्जाला लागतात म्हणून प्रत्येक मेंढीचा वेगळा फोटो, कानातला बिल्ला दिसेल असा. माझी बरीचशी जागा त्या मेंढ्यांनी खाल्ली होती. आप्पांनी मेंढ्या विकून शेती धरली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, आप्पा, काढून टाकू का? त्यांनी आधी किती आहेत ते विचारलं. मग म्हणाले, ‘आमच्याकडं एक बी फोटू न्हाई ओ त्यांचा. तवा कोन काढतंय फोटू.’ मी कागदावर चार चार मेंढ्या बसवून सगळ्यांच्या प्रती काढल्या आणि कवठ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ पाकीट दिलं. ते पोचल्याचं आप्पांनी फोन करून कळवलं. एकेकीची खोड सांगत बसले. तो एक फोन लांब चालला.

पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका मुलाने फोन उचलून ‘कोण बाई?’ असं विचारलं. मी शाळेचं नाव सांगितल्यावर त्याचा स्वर एकदम बदलला. माफी मागितली, प्रकृती विचारली. मग मीच शिकवलेल्या चांगल्या इंग्रजीत त्याने सांगितलं की सगळं काढून टाकलं तरी त्याची काही हरकत नाही. त्याच्या पहिल्या नोकरीचं पत्र माझ्या पेटीत आलं होतं. ते छापून, पाकिटात घालून मी भर उन्हात त्याच्या मळ्यावर नेऊन दिलं होतं, ते त्याच्या लक्षात नसावं. मीही आठवण करून दिली नाही.

दहाव्या दिवशी यादीवर एक नाव सोडून सगळ्यांपुढे रेघ पडली होती. मी जे राखत बसले होते ते सगळं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. सोडलंय हे मला सांगावं असं कुणाला सुचलं नव्हतं एवढंच. त्यात त्यांची चूक मी मानत नाही. शाळा सोडून जाणारं मूल बाकाला सांगून जात नाही. पण त्या दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि कितीतरी वेळ काहीच केलं नाही, कपडे वाळलेले दिसत असूनही ते काढले नाहीत. सोपं काम निघालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी पुसायला घेतलं. तीस तीस कागद उघडायचे, एकदा बघायचे, काढून टाकायचे. स्क्रीनच्या कोपऱ्यातला, किती जागा भरली ते दाखवणारा लाल पट्टा हळूहळू आखूड होत गेला.

राहिलेलं एक नाव माझ्या एका विद्यार्थिनीचं होतं. इंग्रजीत दोनदा नापास झालेली आणि तिसऱ्यांदा पास झाल्यावर अख्ख्या गावाला पेढे वाटलेली मुलगी. आता ती चाळिशीला आली. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. कंपनीत पगाराची पावती मोबाइलवर बघायची तर दर महिन्याला ईमेलवर नंबर येतो, आणि तो माझ्याकडे येतो. त्यामुळे गेली सहा वर्षं दर एक तारखेला तिचा फोन ठरलेला. माझी पेटी भरली त्या महिन्यात तिचा नंबर आलाच नव्हता. ‘सावकाश बघू, बाई,’ असं ती म्हणाली होती, आणि तरी वीस मिनिटं बोलली होती.

तिचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं हे तुमच्यापासून लपवत नाही. तिला फोन करताना मी ते कामाच्या सुरात सांगितलं. म्हटलं, तुझा स्वतःचा ईमेल काढून कंपनीत द्यायला हवा, जुना पत्ता बदलताना माझ्याकडे नंबर येईल, तेव्हा समोरासमोर बसून करू. ती सुट्टीच्या दिवशी आली. शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन, घामाघूम, एसटीत उभी राहून. मी तिच्यासाठी कागदावर एक दोन तीन असे टप्पे लिहून ठेवले होते. तिने कागद वाचला, घडी करून पर्समध्ये घातला आणि मोबाइल काढून भराभर बोटं चालवायला लागली. मी पुढे काही सांगायच्या आत ती पत्ता बदलायच्या पानावर पोचली होती. तिथे तिने आपला ईमेल टाकला. न विचारता, न अडता.

मी विचारलं, ‘हा कधी काढलास?’

‘झाली की दोन वर्सं. पोरीच्या कॉलेजात लागला तवा.’

‘मग तेव्हाच कंपनीत का नाही दिलास?’

‘ऱ्हाऊन गेलं.’ तिने मान वर केली नाही. माझ्या लॅपटॉपवर नंबर आला. मी तो वाचला, तिने टाकला, आणि पत्ता बदलल्याची खूण आली. मग मोबाइल मांडीवर उलटा ठेवून ती म्हणाली, ‘नंबर नसता तर तुमाला काय म्हनून फोन लावला असता? बाईंना कुनी उगाच फोन करतं व्हय? शाळंत तुमी दारातच इचारायच्या, काम काय? काम नसंल तं माघारी. आमी तर भायेर हुबं ऱ्हाऊन आदी काम ठरवायचो, मंग आत यायचो.’

ती हसत होती. मीही हसले. मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं. टेबलाशी विनाकारण कुणी उभं राहायचं नाही, हा माझा नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. साठ मुलांच्या वर्गात त्यावाचून चालत नाही. पण मी तो घरीही आणला. तुमचा बाबा तिकडून फोन करायचा तेव्हा ‘काही काम होतं का?’ हेच माझं पहिलं वाक्य असायचं. त्यामुळे तो कामासाठीच फोन करायला शिकला असावा. तुम्ही फोन करता तेव्हाही मी हेच विचारते. पुढेही माझ्या तोंडून ते निघेल, कारण सवय जुनी आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणत जा आणि बोलत राहा.

तिने दोन वर्षं तो नंबर माझ्याकडून का घेतला, हे मी तिला पुन्हा विचारलं नाही. तिला माझ्याशी बोलायला आवडत होतं म्हणून, की बाई एकट्या आहेत, तेवढाच एक फोन होतो, अशा दयेने? दुसरं कारण असेल तर ते ऐकायची माझी तयारी नव्हती. तिने चहा घेतला, शेंगा कशा सोलायच्या ते मला माहीत असूनही सांगितलं, आणि साडेपाचच्या गाडीने गेली. मी तिचे सगळे नंबर पुसले. एकाखाली एक, सहा वर्षांचे, सगळे निरुपयोगी. लाल पट्टा निळा झाला.

थोरलीला मी कळवलं की जागा झाली. तिने दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवलं. त्यात काय होतं ते तिचं आणि माझं आहे. तिच्या शाळेतल्या खिडकीबद्दल आहे, एका मैत्रिणीबद्दल आहे जी आता तिच्याजवळ बसत नाही. त्या चार पानांत माझ्याकडे कुठलंही काम नव्हतं. मी तीनदा वाचलं.

एक तारखेला माझा फोन वाजला नाही. वाजणार नाही हे माहीत होतं, तरी आंघोळीला जाताना मी तो बाहेरच्या स्टुलावर ठेवला होता. दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून मीच लावला. तिने लगेच उचलला. मागे ताटांचा आणि बायकांच्या बोलण्याचा मोठा गोंगाट होता.

‘बाई? काय झालं? काय काम हुतं का?’

मी म्हटलं, ‘काम काही नाही.’

बहुधा मी पुढे काय सांगते याची ती वाट बघत होती. मला पुढचं वाक्य येत नव्हतं. इतकी वर्षं मुलांना संवाद लिहायला लावले, पण विनाकाम फोन केल्यावर माणूस काय बोलतो ते मी कधी शिकलेच नव्हते. शेवटी मी विचारलं, जेवलीस का? ती व्हय म्हणाली. तिने विचारलं, तुमी? मी हो म्हटलं. मग मी शेंगा चांगल्या होत्या असं सांगितलं, आणि तिने त्या कुणाच्या मळ्यातल्या ते सांगायला सुरुवात केली, एवढ्यात तिकडे बेल झाली.

‘ठेवू का, बाई?’

‘ठेव,’ मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात तिला काय विचारायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. कागदावर लिहून काढायला बसले होते, पण दोन ओळींनंतर कागद बाजूला ठेवला.